वायरीत मुरलेला आवाज

१२ जून

ठमे,

आशीर्वाद आहेतच, ते दर पत्रात काय लिहायचे. पेटी पोचली. पोस्टमनने जिन्याखालूनच आरोळी ठोकली, "मामा, भाचीने संसार पाठवलाय की काय?" मी म्हटलं, आधी वर आण, मग चौकशा कर.

टेबलावर ठेवली आहे, पण अजून जोडलेली नाही. नुसता तिच्याकडे बघत बसतो. वरची चकती फिरवली की दिवा मंद होतो, एवढंच तू चिठ्ठीत लिहिलंस. आत काय आहे ते लिहिलं नाहीस. मी शाळा अर्धवट सोडलेला माणूस, मला काय कळणार असं तुला वाटलं असेल, आणि कळणार नाहीच. तरी आत काय आहे ते सांगितल्याशिवाय मी वस्तूला हात लावत नाही. हा माझा स्वभाव तुझ्या आईला ठाऊक होता. ती असती तर तिने दम देऊन जोडायला लावली असती.

मोतीबिंदूचं ऑपरेशन झाल्यापासून भगभगीत उजेड सोसत नाही. दिवा अर्ध्यावर ठेवावा लागतो, आणि भिंतीवरच्या जुन्या चकतीने दिवा अर्ध्यावर आणला की रेडिओ कुरकुरायला लागतो, कुणी आत बसून वाळू चाळतंय जणू. बातम्या सांगणाऱ्या बाईंचा प्रत्येक शब्द त्या वाळूतून निवडून घ्यावा लागतो. हे मी तुला मागच्या पत्रात आपलं सहज लिहिलं होतं, तक्रार म्हणून नाही. तुझी कंपनी नेमकी हीच कुरकुर घालवायच्या मागे आहे हे मला कुठे माहीत! तू इतकी वर्षं काय काम करतेस ते मी कधी विचारलंच नाही. खालच्या चष्मेवाल्याने विचारलं की "इलेक्ट्रिकचं काहीतरी" म्हणून मोकळा होतो.

फोन करू नकोस. फोनवर मला निम्मं ऐकू येतं, उरलेल्या निम्म्याला मी हो हो म्हणतो. मागे असंच हो हो म्हणत कुणाचं तरी कुत्रं आठवडाभर सांभाळायचं कबूल करून बसलो होतो. लिहीच.

तुझा मामा


२० जून

मामा,

नमस्कार. तुम्ही पेटीकडे नुसते बघत बसलात तर माझं काम कसं व्हायचं?

आत काय आहे ते ऐका. आपल्या घरातली वीज सरळ वाहत नाही, लाटांनी येते. लाट वर जाते, खाली येते, पुन्हा वर. तुमची जुनी चकती दिवा मंद करायला प्रत्येक लाट सुरुवातीला अडवून धरते आणि मध्येच एकदम सोडते. कुणी दिवसभर दार धाडकन उघडत राहावं तसं. तो धक्का वायरींतून घरभर फिरतो आणि रेडिओला ऐकू येतो. तुमच्याच काय, शेजाऱ्यांच्याही.

आमच्या पेटीत दोन ट्रान्झिस्टर आहेत, म्हणजे रेडिओ नव्हेत, वीज अडवणारे-सोडणारे इवलेसे तुकडे. ते लाट शून्यावर असतानाच दार उघडतात, म्हणजे धक्का बसतच नाही. आणि हवा तेवढा उजेड झाला की दार हळूच लोटून घेतात. मात्र या हळू लोटण्यात ट्रान्झिस्टर तापतो. जेवढं हळू, तेवढी शांतता जास्त आणि तेवढाच तापही जास्त. या दोन्हींच्या मधली जागा शोधणं हेच माझं काम.

प्रयोगशाळेत पेटी छान चालते. पण तिथल्या वायरी नव्या. साहेबांचं म्हणणं, जुन्या घरात चालून दाखवा. ऑगस्टमध्ये बैठक आहे. तोवर दाखवता आलं नाही तर हे काम बंद. चार वर्षं मी दुसरं काही केलेलं नाही, मामा. आणि जुन्या वायरिंगचं घर माझ्या ओळखीचं एकच आहे.

तेव्हा जोडा आणि रेडिओ कसा वाजतो ते लिहा. मला बरं वाटावं म्हणून नको, जसं ऐकू येईल तसं.

ठमी


२८ जून

ठमे,

जोडली. चष्मेवाला मदतीला आला होता, म्हणजे दारात उभा राहून "सांभाळून, सांभाळून" म्हणत होता.

वाळू गेली. खरंच गेली. दिवा अर्ध्यावर, रेडिओ चालू, आणि त्या बाई माझ्यासमोर बसून बोलताहेत असं वाटलं. मी म्हटलं, ठमीने जिंकलं.

पण मग कान लावून बसलो, तर मागे एक बारीक सूं आहे. मच्छर लांब असावा तसा. बाई थांबल्या की ऐकू येतो, बोलायला लागल्या की दबतो. मी चष्मेवाल्याला वर बोलावून ऐकवलं. तो म्हणाला, "मला तर काही ऐकू येत नाही." त्याला त्याच्या बायकोच्या हाकाही येत नाहीत, त्याचं काय धरायचं?

लिहू की नको, असा विचार करत होतो. तुझ्या जिवाला घोर लागेल. पण मी उभा जन्म वजनकाट्यावर नोकरी केली. ट्रक काट्यावर आला की जो आकडा दिसेल तोच सांगायचा. ड्रायव्हर हात जोडो की डोळे वटारो. तू जसं ऐकू येईल तसं म्हणालीस, म्हणून लिहिलं. सूं आहे.

तब्येत सांभाळ. तुझ्या खोलीतली खिडकी नीट लागत नाही म्हणाली होतीस, तिचं काय केलंस?

तुझा मामा


९ जुलै

मामा,

तुमच्या सूंने माझी झोप उडवली. आमच्या कुरकुर मोजायच्या मीटरवर तो दिसत नाही, पण मीटर इथे आहे आणि तुमच्या भिंती तिथे. जुन्या वायरी काय उचलतील याचा नेम नाही.

दुसरी पेटी पाठवते आहे. हिच्यात दार आणखी सावकाश लोटलं जातं. ताप वाढणार, म्हणून पाठीमागे ॲल्युमिनियमची जाड पट्टी लावली आहे. दोन गोष्टी लिहा: सूं कमी झाला का, आणि पट्टीला हात लावला तर किती सोसवतं.

खिडकी तशीच आहे. कागदाची घडी घालून बसवते.

ठमी


१९ जुलै

ठमे,

दुसरी लावली. सूं आहे तसाच आहे. मला तर थोडा वाढल्यासारखा वाटतो, पण ते मन असेल.

पट्टी चांगली तापते. हात ठेवला तर थंडीत बरं वाटेल, उन्हाळ्यात शिव्या येतील. चष्मेवाला म्हणाला, हिच्यावर चहाचा कप ठेवा, गार व्हायचा नाही. मी म्हटलं, माझ्या भाचीने चार वर्षं घालवली ती तुझ्या चहासाठी नव्हे. मग तो गेल्यावर ठेवून बघितला. खरंच गार होत नाही.

एक गंमत लिहितो, तुला उपयोगी पडेल. पेटी बंद केली, दिवा बंद केला, तरी सूं लगेच जात नाही. बराच वेळ राहतो. वायरीत मुरलेला असावा. लोणच्यात मीठ मुरतं तसा. या घरच्या वायरी माझ्यापेक्षा म्हाताऱ्या आहेत, एकदा आत शिरलेलं त्या सहज सोडत नसतील.

तुझी ओढाताण होते आहे, वाचून जीव खालीवर होतो. पण एक सांगतो, रागावू नकोस. गेल्या महिनाभरात तू मला जेवढं लिहिलंस तेवढं तुझी आई गेल्यापासून कुणी लिहिलं नव्हतं. पोस्टमन आता हाक मारत नाही, वर येऊन पत्र हातात देतो. मी आधी पाकीट टेबलावर ठेवतो, चहा करतो, मग फोडतो. म्हणजे सूं राहावा असं मला वाटतं असं नाही हं. तसा अर्थ काढू नकोस.

तुझा मामा


२६ जुलै

मामा,

तिसरी पेटी मी आधीच बनवली होती, आणखी सावकाश. साहेबांनी हात लावला आणि म्हणाले, "ही दिव्याची पेटी आहे की शेगडी?" सगळे हसले. मीही हसले.

पण तुमच्या पत्रातली एक ओळ मला सोडत नाही. पेटी बंद केल्यावरही सूं राहतो ती. मामा, वीज वायरीत मुरत नाही. दिवा बंद केला की संपली.

तेव्हा एवढं करा. दुपारी, रस्ता शांत असताना, घराचा मेन स्विच खाली पाडा. रेडिओ सेलवर चालवा. ऐका. मग रेडिओही बंद करा आणि पुन्हा ऐका. तुम्हीच मला लहानपणी केबिनमध्ये बसवून सांगितलं होतं ना, की ट्रक चढण्याआधी काटा शून्यावर आहे का ते बघायचं, नाहीतर दिवसभराची सगळी वजनं चुकीची. हे तसंच आहे. मी पहिल्याच पत्रात सांगायला हवं होतं.

काय ऐकू येतं ते लगेच कळवा. बैठक १९ ऑगस्टला ठरली आहे. तुमच्या उत्तरावर मी कुठली पेटी न्यायची ते ठरणार.

ठमी


८ ऑगस्ट

मामा,

पत्र नाही तुमचं. बरे आहात ना? पोस्टात गहाळ झालं असेल तर पुन्हा लिहा, एका ओळीचं कार्ड चालेल. मेन स्विच पाडायला भीती वाटत असेल तर चष्मेवाल्याला सांगा.

चाचणी केली का?

ठमी


२० ऑगस्ट

ठमे,

सकाळी तुझ्या ऑफिसात फोन करून जो म्हातारा ओरडला तो मी. समोर तूच होतीस ना? मला काही कळलं नाही. चष्मेवाल्याच्या दुकानातून केला. त्याने नंबर फिरवून दिला, तिकडून कुणीतरी काहीतरी म्हणालं, मी ते ऐकायला थांबलो नाही. जे सांगायचं ते एका दमात सांगितलं आणि ठेवून दिला. गिऱ्हाईकं चष्मे हातात धरून माझ्याकडे बघत होती. आज बैठकीचा दिवस नसून कालच होता, हे फोन ठेवल्यावर चष्मेवाल्याच्या कॅलेंडरवर दिसलं. मी आपला उद्या, उद्या करत राहिलो.

तुझं २६ तारखेचं पत्र मिळालं होतं. मिळालं त्याच दुपारी चाचणी केली. मेन पाडला. रेडिओ सेलवर लावला, सूं. रेडिओ बंद केला, सूं. सेल काढून ठेवले. सूं. खिडक्या लावल्या. मग उशी घेऊन दोन्ही कानांवर दाबली, तर आणखी मोठा झाला. घरात कुठेच वीज नव्हती, ठमे, आणि आवाज होता.

म्हणजे तो माझ्यात आहे. पहिली पेटी बरोबर होती. तुझी दुसरी, तिसरी ती शेगडी, सगळं माझ्या कानासाठी झालं.

मी उत्तर लिहायला बसलो होतो. "पेटी बरोबर, कान बिघडला," एवढंच तर लिहायचं होतं. लिहिलंही. मग वाटलं, हे पोचलं की चाचणी संपली. ज्याचा कानच खोटा त्याला कोण विचारणार, पुन्हा काही ऐकून सांगा म्हणून? पाकीट टेबलावर पडून राहिलं. मग तुझं आठ तारखेचं आलं, तेही टेबलावर ठेवलं. या वेळी चहासुद्धा केला नाही.

काटा शून्यावर आहे का हे जन्मभर रोज सकाळी बघणारा माणूस मी. तूही मेली आधी सांगायचंस. मी इतका जीव तोडून ऐकत होतो, मध्ये कुणी तरी म्हणायला हवं होतं, मामा, तुमचा काटा बघा.

तुझ्यावर ढकलत नाही. ढकलतोय खरं.

काय झालं ते कळव. चांगलं झालं असेल ना?

मामा


२९ ऑगस्ट

मामा,

फोन मी उचलला नाही. साहेबांनी उचलला. "ठमे, पहिली पेटी बरोबर, माझा कान फुटका, दुसऱ्या दोन्ही फेकून दे!" असं कुणीतरी ओरडून ठेवून दिलं म्हणाले. मग त्यांनी सगळ्या विभागात विचारत फिरून ठमी कोण ते शोधून काढलं. इथे माझं हे नाव कुणाला माहीत नव्हतं. आता सगळ्यांना आहे.

बैठक आदल्या दिवशीच झाली होती. तुमचं उत्तर नाही, म्हणून मी तिसरी पेटी नेली. सूं जास्त असेल तर निदान तिने तरी जाईल, असा विचार केला. टेबलावर सगळ्यांसमोर चालू ठेवली. बोलणं संपायच्या आत झाकण मऊ पडून एका बाजूला वाकलं, आणि वास सुटला. काम थांबवायचं ठरलं.

तुमच्या फोननंतर साहेबांनी पहिली पेटी पुन्हा मागवून तपासली. ती आवडली त्यांना. ती पुढे जाईल, पण दुसऱ्या विभागाकडून. ज्या माणसाला मीटरपेक्षा मामाच्या कानावर जास्त भरवसा, त्याच्याकडे हे काम ठेवता येणार नाही, असं ते हसत म्हणाले, पण म्हणाले. मला सोमवारपासून पंख्यांच्या तक्रारी बघायच्या आहेत.

कान वाजतो याचा मला राग नाही. पत्र टेबलावर पडून होतं, याचा आहे. तुम्हाला मी कशासाठी लिहिते असं वाटत होतं? आवाज मोजायला?

दुसरी पेटी परत पाठवा. पहिली ठेवा, ती चांगली आहे. कानाच्या डॉक्टरांकडे जा. मला सध्या लिहायला जमणार नाही.

ठमी


१४ सप्टेंबर

ठमे,

पेटी पोस्टात टाकली. चांगली गुंडाळली आहे.

डॉक्टरकडे जाऊन आलो. चष्मेवाला बरोबर आला होता, दुकान बंद ठेवून, आणि वाटभर ते ऐकवत होता. तिथे एक काचेचं कपाट आहे माणूस बसेल एवढं, भिंतींना आतून गादी. त्यात मला बसवलं, कानावर टोप्या चढवल्या, हातात एक बटण दिलं. आवाज आला की दाबायचं. मी दाबलं. पुन्हा दाबलं. मग दाबूनच धरलं. बाहेरून ती डॉक्टरीण हातवारे करायला लागली. दार उघडून म्हणाली, "आजोबा, मी अजून काही वाजवलंच नाही."

चष्मेवाला हसला. मग माझ्याकडे बघून थांबला.

ती म्हणाली, हा आवाज जाणारा नाही. घरात अगदी शांतता ठेवू नका, मागे काहीतरी चालू असू द्या, म्हणजे कमी जाणवेल. तुझ्या पेटीने घर इतकं शांत केलंय की आता तोच एक ऐकू येतो. ही तक्रार नाही.

तू विचारलंस ना, मला काय वाटत होतं म्हणून. खरं सांगायचं तर मी तसंच समजत होतो. आवाज मोजायला.

उत्तर पाठवू नकोस, तुला जमत नाही म्हणालीस. मी आपलं कळवलं.

मामा


२७ ऑक्टोबर

ठमे,

बरी आहेस एवढं कुणाकडून कळलं असतं तर लिहिलं नसतं. पण तुझी चौकशी कुणाकडे करू? तुला आणि मला मिळून ओळखणारं माणूस आता उरलेलं नाही, हे काल लक्षात आलं.

पंखे कसे आहेत?

मामा


१८ नोव्हेंबर

मामा,

पंखे बरे आहेत. लोक लिहितात, पंखा आवाज करतो. मी लिहिते, कृपया पंखा बंद करून आवाज येतो का ते आधी बघा. परवा एका बाईंचं उलट उत्तर आलं, "बंद केल्यावर येत नाही, मी काही वेडी नाही."

आज सुट्टी आहे. बाहेर गेले नाही. समोरच्या गच्चीवर एक माणूस छत्र्या दुरुस्त करतो. उघडतो, वर बघतो, मिटतो. दिवसभरात कुणाशी एक शब्द बोलत नाही. मीही बोलले नाही आज, दूधवाला सोडून. त्याला "एकच" म्हणाले.

ऑफिसात आता सगळे मला ठमी म्हणतात, चेष्टेने. सुरुवातीला राग यायचा. परवा नव्या मुलीने खऱ्या नावाने हाक मारली, तर मी वळलेच नाही.

खिडकीतला कागद पिवळा पडला होता, नवा घातला. माझी डाळ आज करपली. तशीच खाल्ली. डबा धुवायचा पडलाय.

ठमी


२५ नोव्हेंबर

ठमे,

तुझं पत्र आलं. वाचलं. त्यात काहीच विचारलेलं नाहीस. मागची बाजू बघितली. पाकीट उलटं करून झटकलं, आत एखादी चिठ्ठी राहिली असेल म्हणून. नव्हती. चष्मेवाल्याला दाखवायला खाली गेलो, "बघ रे, ठमीला काय हवंय ते तुला कळतं का?" त्याने दोन चष्मे बदलून वाचलं आणि म्हणाला, "काही नकोय हो तिला. नुसतं लिहिलंय."

म्हणून मीही नुसतंच लिहितो आहे.

इकडे सांगण्यासारखं काही नाही. चष्मेवाल्याने दुकानाला रंग दिला, असा की आता आत गेलं की डोळे तपासून घ्यावेसे वाटतात. डाळीत पाणी जास्त घालत जा आणि गॅसपाशी उभी राहा, खिडकीपाशी नको. मी सकाळी जिना उतरून कोपऱ्यापर्यंत गेलो. ऊन कोवळं होतं. वाटेत एक काहीतरी दिसलं, म्हटलं हे ठमीला लिहायचं. घरी येऊन कागद घेतला, पेन सापडेना, ते सापडेपर्यंत काय बघितलं ते विसरलो. सकाळपासून आठवतोय.

उद्या पुन्हा जाऊन बघतो.

मामा